जाते म्हणू नये

"आप्पा 'जातो' म्हणाय लागल्यात," एवढंच भाचा विश्वजित फोनवर बोलला होता, आणि आक्कानं शिरोळात दोन लुगडी पिशवीत कोंबून यष्टी धरली. कोल्हापूर येईपर्यंत तिनं धाकट्या भावाचं सगळं करून टाकलं होतं. कुणाकुणाला कळवायचं, कुरुंदवाडला भावजयीच्या, मीनाक्षीच्या माहेरी कुणी फोन करायचा, बारावं घरी घालायचं की हॉल बघायचा. लग्न असो की मर्तिक, आक्का आल्याशिवाय या घरातलं कार्य उभं राहत नसे, आणि ती आली की ती दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नसे.

कळंब्याच्या घरात शिरली ती चपला काढून थेट वसंताच्या खाटेपाशी गेली. खिडकीकडेच्या खाटेवर वसंत पडला होता. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र होते तसेच मास्तरी. बहिणीला बघून त्यानं डावा हात जरासा उचलला आणि म्हणाला, "जाते."

आक्का मटकन खुर्चीत बसली. तिनं रडायचं सगळं तयार ठेवलं होतं, ते तसंच राहून गेलं.

"ह्यो बाईमाणसागत काय बोलाय लागलाय?" तिनं विश्वजितला विचारलं.

विश्वजितनं पुन्हा सगळं सांगितलं. दवाखान्यातून घरी आणल्यापासून तोंडात हा एकच शब्द आहे. पाणी पाहिजे तरी जाते, कूस बदलायची तरी जाते, दुखलं खुपलं तरी जाते. झटक्यात बोलण्याची जागा दुखावली की कधीकधी एखादाच शब्द जिभेवर राहतो आणि माणूस त्याच शब्दानं संसार रेटतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या शब्दाचा अर्थ लावत बसू नका, असंही म्हणाले होते. पण घरातली माणसं अर्थ लावल्याशिवाय राहतात होय. विश्वजितनं 'जातो' असं ऐकलं होतं, आक्कानं फोनवर मरण ऐकलं होतं.

"आमी हितल्या बायका जन्मभर 'जातो, येतो' करतोय, आन् ह्यो बाप्या गडी 'जाते' म्हणतोय," आक्का म्हणाली. "उलटी गंगा वाहाय लागली म्हणायची."

मीनाक्षी खाटेच्या पायथ्याशी पेजेची वाटी धरून उभी होती. नवऱ्याच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हाच तिला तो कुणाचा ते कळलं होतं. पण सांगायचं तर लेकीचं, भैरवीचं नाव काढावं लागलं असतं, आणि ते नाव या घरात फोनवर, दार लोटून, हळू आवाजातच घेतलं जाई.

त्या घरात कादंबरी म्हटलं की एकच. बाकीच्यांना नुसतं पुस्तकं म्हणत. वसंताच्या हाती ती कॉलेजच्या बोर्डिंगात पडली. तोवर बापानं त्याला साखर कारखान्यात वजनकाट्यावर चिकटवून द्यायची सगळी व्यवस्था केली होती. बैलगाड्या मोजत बसायचं, पगार बरा, वर उसाच्या शेतकऱ्यांत मान. पोरगं कादंबरी वाचून घरी आलं आणि म्हणालं, मी मराठी शिकवणार. बापानं कपाळाला हात लावला. पुढं सारा जन्म वसंत हायस्कुलात मराठी शिकवत राहिला, आणि अभ्यासक्रमात असो नसो, दर साली वर्गाला ती कादंबरी वाचून दाखवत राहिला. घरीही रात्रीची जेवणं झाली की वाचन असे. विश्वजित तिसऱ्या पानाला घोरू लागे. भैरवी मात्र बापाच्या मांडीला टेकून, तोंड उघडं टाकून ऐकत बसे. मीनाक्षीनं ती कादंबरी कधी हातात धरली नाही. भांडी आवरता आवरता जेवढी कानावर पडली तेवढीच तिची.

गोष्ट साधीच होती. द्वारका नावाची मुलगी, तिचा बाप दाजीबा. तिला लांबच्या गावी शाळेत शिकवायला जायचंय, आणि ते बापाला मंजूर नाही. शेवटच्या पानावर ती बोचकं घेऊन उंबऱ्याशी येते आणि म्हणते, "जाते." आपल्याकडं घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. बाहेरच्या नळावर जायचं असलं तरी 'येते' म्हणायचं. चुकून कुणी 'जाते' म्हणालं तर घरातलं थोरलं माणूस लगेच टोकतं, जाते म्हणू नये, येते म्हणावं. दाजीबा मात्र टोकत नाही. तो गप्प बसतो, द्वारका पायरी उतरते आणि कादंबरी संपते.

या गप्प बसण्यावरून बापलेकीचं वर्षानुवर्षं भांडण होतं. वसंताचं म्हणणं, दाजीबानं अडवलं नाही हेच त्याचं मोठेपण. जाणाऱ्याला जाऊ द्यावं, तोंडानं हो म्हणता येत नाही म्हणून तो गप्प राहून हो म्हणतो. सगळ्या वर्गांना त्यानं हेच शिकवलं. भैरवी शाळेत असल्यापासून त्याला उलट बोलायची. "ती लगीच कुठं उतरली हो आप्पा? अर्धं पान पायरीवर उभारलीया. वाट बघतीया ती."

"कशाची गं?"

"त्यानं 'जाते म्हणू नये' म्हणायची."

वसंत हसायचा, म्हणायचा, लेखकाला तसं हवं असतं तर त्यानं लिहिलं नसतं का. मग दोघांचं पुन्हा जुंपायचं. मीनाक्षी आतून म्हणायची, मेलेल्या माणसांवरनं भांडताय, झोपा आता. ती माणसं मेलेली नव्हती, जन्मलेलीच नव्हती, पण या घरात ती जेवायला असल्यासारखी होती एवढं खरं.

मग भैरवीचं लग्न ठरलं. स्थळ आक्कानंच आणलं होतं, तिच्या नवऱ्याचा पुतण्या सयाजी, शिरोळात बागायत, ट्रॅक्टर, दारात दोन म्हशी. सुपारी फुटली, याद्या झाल्या, आणि भैरवीनं सांगितलं की मला हे करायचं नाही. नागपूरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. आक्काचं तिच्या सासरी नाक कापलं गेलं. त्या दिवसांत घरात जो शिमगा झाला तो पुन्हा उगाळायला नको. वसंत त्यात कुणाच्याच बाजूनं बोलला नाही. तुझं तू ठरव, म्हणाला. भैरवी निघाली त्या दिवशी मीनाक्षी भावाच्या वास्तुशांतीला कुरुंदवाडला गेली होती, विश्वजित उचगावला दुकानात. घरात बापलेक दोघंच होते.

वसंतानं आयुष्यभर शुद्ध भाषेचा आग्रह धरला आणि त्याच्याच पोरीनं तो कधी ऐकला नाही. ती अख्ख्या कोल्हापूरच्या पोरींसारखी "आप्पा, मी आलतो," "आप्पा, मी येतो" असंच बोलायची. 'येते' म्हण गं बाई, 'येतो' म्हणायला तू काय पैलवान आहेस, म्हणून तो थकला. त्या दिवशी मात्र ती बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा नीट, छापल्यासारखं म्हणाली, "जाते."

संध्याकाळी मीनाक्षी परत आली तेव्हा वसंतानंच तिला हे सांगितलं. ती 'जाते' म्हणाली, मी काही बोललो नाही. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता, लेकीनं धडा पाठ केल्यासारखा. मीनाक्षीच्या हातात वास्तुशांतीच्या लाडवांचा डबा होता, तो तिनं तसाच धरून ठेवला. पुढं फोनवर भैरवी रडत रडत एवढंच म्हणाली होती, "मी पायरीवर उभारलोतो आई. चपलेचा बंद बांधला, सोडला, परत बांधला."

त्याला आता नऊ वर्षं झाली. मायलेकीचं फोनवर चालू राहिलं. बापलेकीचं बोलणं त्या पायरीवरच थांबलं.

पेजेची वाटी तिपाईवर ठेवून मीनाक्षी म्हणाली, "हे मरणाचं बोलत न्हाईत. त्यो भैरवीचा शब्द हाय. तिला बोलवून घ्याय पायजे."

आक्का उसळली. हिच्यापायी मला पाच वर्षं दिराच्या घरचं पाणी मिळालं नाही, आणि आता भाऊ जायच्या वक्ताला ती येऊन मिरवणार व्हय, असं तिचं म्हणणं. विश्वजित तिच्या बाजूनं झाला. त्याचं कारण निराळं होतं. भैरवीला बघून आप्पांचं ब्लडप्रेशर वाढलं तर कोण जबाबदार, असं तो आधी म्हणाला. मग खिडकीकडं तोंड करून त्यानं मनातलं सांगितलं.

"नऊ वर्षं मी हाय हितं. दवाखाना मी, औषधं मी, अंग पुसायला मी. तोंडात एक शब्द उरला, त्योबी तिचाच?"

मीनाक्षीला लेकाच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण तो आता दोन पोरांचा बाप होता आणि तिथं आक्का बसली होती. वसंत डोळे फिरवून एकेकाकडं बघत होता. त्याला सगळं कळत होतं, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

तेवढ्यात वर्षाराणी चहाचा ट्रे घेऊन दारात आली. ही सून एरवी आक्कासमोर मान वर करायची नाही, आक्काची लाडकीच ती. कप मांडता मांडता म्हणाली, "वन्संना मी कालच कळवलंय. गाडीत बसल्यात त्या." आणि कुणी काही म्हणायच्या आत आत निघून गेली. आक्कानं चहा घेतला नाही. थोड्या वेळानं घेतला.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेला विश्वजित कुणाला न सांगता किल्ली उचलून स्टेशनवर गेला. बहीणभाऊ घरी आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते आणि भैरवीची बॅग विश्वजितच्या हातात होती. वाटेत काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही. आक्कानं दार उघडलं, भाचीकडं एकदा बघितलं आणि बाजूला झाली. भैरवी वाकून पाया पडली. आक्काचा हात आशीर्वादाला अर्ध्यावर येऊन थांबला, पण मागं गेला नाही.

भैरवी खाटेपाशी गेली. बाप इतका बारीक झाला असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती नुसती उभी राहिली. वसंतानं तिच्याकडं बघितलं, त्याच्या चांगल्या बाजूचा ओठ हलू लागला, गळ्याची शीर ताठ झाली.

"जाते," वसंत म्हणाला.

भैरवीचा चेहरा पांढरा पडला. वर्षाराणीनं फोनवर आजाराचं सगळं सांगितलं होतं, हा शब्द तेवढा सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. विश्वजितनंही वाटेत सांगितला नव्हता.

"जाते," तो पुन्हा म्हणाला, जोर लावून. "जाते. जाते."

भैरवी वळली आणि मागच्या दारानं धुण्याच्या दगडाकडं निघून गेली. मीनाक्षी तिच्या मागोमाग गेली. पोरगी भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर ओढणी दाबून.

"माझा शब्द माझ्याच तोंडावर मारला त्यांनी," ती म्हणाली. "नऊ वर्षं जपून ठिवला हुता व्हय ह्यासाठी? मी जातो आई. सांजच्या गाडीनं जातो परत."

मीनाक्षीला तिला समजवायचं होतं. डॉक्टर म्हणाले तेच सांगायचं, की त्या शब्दाला काही अर्थ नाही. पण ते तिचं तिलाच पटत नव्हतं. म्हणून तिनं तिला माहीत होतं तेवढंच सांगितलं. शाळेतून निवृत्त झाल्यावरही जुनी पोरं दर साली मेळावा भरवून मास्तरांना कादंबरी वाचायला बोलावत. भैरवी गेली त्याच्या पुढल्या साली मीनाक्षी सोबत गेली होती. वसंतानं शेवटचं पान वाचायला घेतलं, 'जाते'पर्यंत आला, आणि पुढं त्याला वाचताच येईना. पोरांना वाटलं सरांचा घसा बसला. त्यांनी पाणी आणून दिलं, टाळ्या वाजवल्या. परत येताना तो रिक्षात बसला. मग म्हणाला, "मीनाक्षी, भैरवी म्हणायची तेच बरोबर होतं काय गं?"

"मग तू काय म्हणालीस?" भैरवीनं विचारलं.

"म्हणालो, मला काय इचारताय, जिनं सांगितलं तिला इचारा." मीनाक्षीनं पदरानं नाक पुसलं. "इचारतो म्हणाले. आज करतो, उद्या करतो. फोन हातात घेऊन बसायचे, परत ठिवायचे. लिहिलेलं घडाघडा वाचत हुते गं ते. न लिहिलेलं काय बोलायचं त्ये त्यांना जमलंच न्हाई. परत कवा ती कादंबरी वाचली न्हाई त्यांनी. मेळाव्याला बोलवाय आले की तब्येतीचं सांगायचे."

"मग आत्ता ते मला काय म्हणाय लागल्यात?"

"मला न्हाई ठाऊक, बाळ."

हे तिनं खोटं सांगितलं नव्हतं. तो लेकीला शब्द परत करत होता, की तिची माफी मागत होता, की नुसतं पाणी मागत होता, हे सांगायला आता कुणीच नव्हतं. बायको झाली म्हणून नवऱ्याच्या डोक्यातलं कळतं असं नाही. मीनाक्षी एवढंच म्हणाली की पेज थंड होतीया, मी जाऊन त्यांना भरवते, तुला यायचं तर ये. 'भरवते' म्हणाली ती. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढी एक मास्तरी तिच्या जिभेला चिकटली होती.

आत आक्का भावाच्या उशाशी बसून त्याच्या कपाळावर हात फिरवत होती. वसंताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात पोचत नव्हता. आक्का पुसत होती आणि पुटपुटत होती, उगी रं, उगी. दारात भैरवी दिसली तशी ती जागची उठली आणि म्हणाली, "बस हितं. तुझीच जागा हाय ती." मग खोलीबाहेर न जाता ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

भैरवी बसली. बापाचा डावा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. वसंतानं तिच्याकडं बघितलं आणि या खेपेला हळू, अगदी विचारल्यासारखं म्हणाला, "जाते."

मीनाक्षीचा हात वाटीवर तसाच राहिला. लेकीचं तोंड तिला दिसत नव्हतं, खांदे तेवढे दिसत होते. भैरवीनं मोठा श्वास घेतला.

"जाते म्हणू नये, आप्पा," ती म्हणाली.

वसंत तिच्याकडं बघत राहिला. त्याची बोटं लेकीच्या हातात घट्ट झाली. तो काही म्हणाला नाही. तिकडं आक्काची पाठ हलायला लागली, आणि विश्वजित दारातून आत येऊन बापाच्या पायांशी बसला, लहानपणी वाचन चालू असताना बसायचा तसा. त्या दुपारी वसंतानं लेकीच्या हातून वाटीभर पेज संपवली. भैरवीनं बॅग उघडून कपडे कपाटात लावले. रजा वाढवायला तिनं फोनही केला. वर्षाराणीनं कितीतरी दिवसांनी नीट स्वयंपाक केला आणि आक्कानं तो खारट झाला म्हणून सांगितलं, म्हणजे घर जरा ताळ्यावर आलं होतं.

पण तो शब्द परत आला नाही. आधी वाटलं, दमलेत. विश्वजितनं डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, बोलणं येईल, कदाचित येणार नाही, वाट बघायची. वसंत तहान लागली तरी गप्प, दुखलं तरी गप्प. डोळे तेवढे बोलायचे, तेही कमी कमी. ज्या शब्दाला घर कावलं होतं, त्यासाठी आता जो तो कान लावून बसू लागला. भैरवी खाटेशी बसून लहान पोराला शिकवावं तशी म्हणायची, "म्हणा की आप्पा. जाते. म्हणा. जा-ते." तो तिच्या तोंडाकडं बघायचा, ओठ हलवायचा नाही. कपाटातली कादंबरी काढून तिनं वाचूनही दाखवली. शेवटच्या पानापर्यंत पोचायच्या आधीच त्याला झोप लागली.

आठवडा काही पुरा झाला नाही. एका सकाळी वर्षाराणी अंथरुणाची चादर बदलायला गेली तेव्हा वसंत गेलेला होता. जागं कुणीच नव्हतं असं नाही. भैरवी उशाशीच बसली होती, तिला वाटलं होतं डोळा लागलाय. आयुष्यभर साध्या बाजाराला निघाला तरी घरात सांगून निघणारा माणूस, तो कुणाला काही न सांगता गेला. आक्कानं शिरोळच्या यष्टीत जेवढं काही ठरवलं होतं त्यातलं तिला त्या दिवशी एकही आठवेना. विश्वजितनंच सगळ्यांना फोन केले.

माणसं येऊन गेल्यावर, घर धुऊन काढल्यावर भैरवी आईपाशी येऊन बसली. बराच वेळ फरशीवरचं पाणी बघत राहिली.

"आई, मी निघालोतो तवा ते बोलले न्हाईत," ती म्हणाली. "आन् मी बोललो, तर त्यांच्या तोंडात उरलेला एवढा एक शब्द बी मी काढून घेतला. मी गप्पच बसाय पायजे हुतं काय गं?"

मीनाक्षीनं तिला जवळ ओढलं. पोरीचे केस पाठीवर ओलेच होते. तिनं ते पदरानं पुसायला घेतले आणि पुसता पुसता म्हणाली, "न्हाई गं. त्यांनी जे इचारलं त्याचं उत्तर त्यांना मिळालं. मग परत कशाला इचारत बसतील?"

हे खरं होतं का, ते मीनाक्षीला ठाऊक नव्हतं. पण लेक समोर बसून वाट बघत होती, आणि या घरात निदान एकदा कुणीतरी वेळेवर बोलायला हवं होतं.